वाऱ्याच्या नावावर

कुंदा,

तुझ्या दहाव्याला कावळा पाऊण तास शिवला नाही. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

इंद्रायणीच्या काठावर पिंड मांडून सगळे मागे सरकले. वर जांभळीवर दोन कावळे होते, पण ते खाली बघतसुद्धा नव्हते. तुझा भाऊ दत्तू पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "आक्का, तुज्या चित्रांना वल लागू द्यायचा न्हाई. माळ्यावर नीट ठिवतो." कावळे ढिम्म. तुझी भावजय म्हणाली, तुमच्या मांजरांचं मी बघते, काळजी करू नका. तरी नाही. मग गावातल्या कुणीकुणी काय काय कबूल केलं. शेवटी दत्तू माझ्याकडं वळला. "ताई, आता तुमीच बोला. तुमचं लय व्हतं तिच्याशी. कायतरी ऱ्हायलं आसंल."

मी पुढं गेले. हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, "कुंदे, तो गेरूचा डबा वाऱ्यानं पडला नव्हता. मी सांडला."

बावीस वर्षांत हे वाक्य मी मनातसुद्धा इतकं सरळ कधी म्हटलं नव्हतं. वाटलं, आता पंख फडफडतील. डोळे उघडले तर एक कावळा पंखातली पिसं साफ करत होता आणि दुसरा उडून पलीकडच्या तीरावर गेला होता. मग किटलीतून चहा आला. सगळे चहासाठी वळले, घाट मोकळा झाला, आणि आमची पाठ असताना तो कावळा खाली उतरला, खाऊन निघूनही गेला. माणसं लांब गेली म्हणून आला, एवढी साधी गोष्ट. पण मला राग आला. इतक्या वर्षांनी कबूल केलं, तर माझ्या कबुलीपेक्षा चहाची किटली भारी ठरली.

आणखी एक सांगते, रागावू नकोस. घाटावर किती माणसं आलीत हे मी मोजत होते. अडीचशे तरी असतील. पुण्याहून चित्रकार आले होते, मुंबईच्या दोन गाड्या होत्या, आणि मळवलीच्या बाया शेतातलं काम टाकून आल्या होत्या. माझ्या वेळी पन्नास आली तरी डोक्यावरून पाणी. मेलेल्या मैत्रिणीच्या दहाव्याला उभं राहून असला हिशेब मांडणारी बाई कशी असेल? तर अशी. तू मला चाळीस वर्षं ओळखत होतीस, तुला नवल वाटणार नाही.

मी तुझ्यावर जळत होते. हा शब्द मी कधी तोंडातून काढला नाही. "तुझं कौतुक वाटतं" म्हणायचे. कौतुक वाटून वाटून दात झिजले माझे.

आपलं भांडण कॉलेजपासूनचं. मळवलीहून तू आणि तळेगावहून मी, दोघी एकाच गाडीनं पुण्याला जायचो आणि वाटेत बोलायला एकच विषय असायचा. मी पट्टी, कंपास आणि दोरा घेऊन चित्र काढायची. चौकोन, पट्टे, आणि त्यांच्यातल्या जागा. महिनाभर आधी कागदावर सगळं ठरायचं, मग रंग. माझं म्हणणं असं, की चांगल्या चित्रातली रेघ तिथंच असावी लागते. ती बोटभर जरी सरकली तरी चित्र मोडतं. झाड, माणूस, डोंगर काढताना एक बरं असतं, चुकलं की दिसतं. जिथं कशाचंच चित्र नाही तिथं रेघेला आधार कशाचा? तर या अपरिहार्यतेचा. बी.ए.चं तत्त्वज्ञान मी बाहेरून वाचलं होतं, त्यामुळं असले शब्द माझ्याकडं बरेच होते.

तू खिडकीबाहेर बघत म्हणायचीस, "मग ती रेघ काढायच्या आधी कुटं असती गं?"

मग मी तुला टोचून बोलायची. एकदा देहूरोड गेल्यावर मी तुला घुणाक्षरन्याय सांगितला, आठवतं? लाकूड पोखरणारा किडा लाकूड खात खात जातो, आणि त्यात कधी 'क' उमटतो, कधी 'म'. वाचणाऱ्याला वाटतं, किडा लिहितोय. किडा आपला पोट भरतोय. "तुझी चित्रं तशी आहेत," मी म्हटलं. "उमटलं तर उमटलं." तू मुठीतली शेंग सोललीस. मग म्हणालीस, "पन खाणारा त्योच असतो ना? दुसऱ्या किड्यानं खाल्लं तर दुसरंच उमटंल." आणि शेंगदाणे पुढं केलेस. मी ते खाल्ले. पण तू मला उत्तर दिलंस हे मला घरी गेल्यावर कळलं, आणि मग रात्रीचं जेवण गेलं नाही.

मला तुझ्या हातांचा हेवा वाटायचा, तो तर उघड आहे. पण त्याहून जास्त तुझ्या आबांचा वाटायचा. माझे वडील शाळेत मास्तर. माझं चित्र बघून ते विचारायचे, "यात समास का सोडला नाहीस?" आणि तुझे आबा. तळेगावात मास्तरांच्या घरात वाढलेल्या मला राब म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. चैत्रात तू मला तुमच्या शेतावर नेलंस. आबांनी भाताची रोपं जिथं टाकायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळलेलं गवत थरावर थर पसरलं होतं, वर बारीक माती. ते पेटवायचं, म्हणजे जमीन भाजते आणि रोपांना तण लागत नाही. मला वाटलं, पेटवायचं म्हणजे काडी टाकायची आणि बाजूला व्हायचं. आबांनी वाकून एक चिमूट माती वर उडवली, वारा कुठून येतोय बघितलं, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला जाऊन काडी लावली, म्हणजे आग हळूहळू सरकत जाईल आणि जमीन नीट भाजेल. मी विचारलं, "आबा, आग कुठं जाईल ते तुमच्या हातात असतं का?"

"न्हाई. इस्तू जाईल तिकडं जाईल," आबा म्हणाले. "पर काडी कुटनं लावायची ह्ये ठावं पायजे."

दोन दिवसांनी त्या तुकड्यावर काळ्या, करड्या, मधेच पांढऱ्या राखेचा जो आकार उरला होता, तो तू तासभर बघत बसलीस. मी वहीत मोजून त्याचं रेखाटन केलं. ती वही माझ्याकडं अजून आहे. तू त्यातून पुढची तीस वर्षं काढलीस.

दत्तूला मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला राखायला मिळाला आणि त्यांचं रिकामं गॅरेज तुला. मालक वर्षातून पंधरा दिवस यायचे. बाकी सगळं तुझं. तिथं तू राख डिंकात कालवून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या कॅनव्हासवर ओतायचीस आणि जे होईल ते होऊ द्यायचीस. लोकांना वाटायचं, ही बाई काही करतच नाही. पण मी बघितलंय. ओतायच्या आधी तू उकिडवी बसून इतका वेळ बघायचीस की मला चहा करून आणायला वेळ मिळायचा. वर धुक्याचा कहर. मळवलीत श्रावणात चार दिवस काही वाळत नाही. ओल्या राखेवरून कोंबडी चालत गेली तर तू कोंबडीला हाकलायचीस, पण पावलं राहू द्यायचीस.

आणि चित्र झालं की ते पालथं करून मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलनं लिहायचीस, त्यात कुणाकुणाचा हात होता ते. "कोंबडी." "गळकं छप्पर." "आबांची टाच." "धुकं, तीन दिवस." मी हसायची. "चित्राला सातबारा जोडतेस काय?" तू म्हणायचीस, "मग? जमीन नावावर नको? उद्या कुणी म्हनायला नको, समदं हिनंच केलं." तुझी पेन्सिल धरायची पद्धत तर विचारूच नये. विळा धरावा तशी मुठीत. लाकडात खाच पडायची. मी शाळेत पोरांना पेन्सिल हलकी धरायला शिकवायची आणि तू माझ्यासमोर बसून मजुरासारखी लिहायचीस.

आता तो दिवस.

भाताची लावणी चालू होती. मुंबईच्या एका गॅलरीचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी तुझी चित्रं बघायला येणार होते. त्याच गृहस्थांनी आठवड्यापूर्वी माझी दहा चित्रं पाच मिनिटांत चाळली होती आणि म्हटलं होतं, "फार स्वच्छ काम आहे." स्वच्छ! पुसलेल्या फळ्याला म्हणावं तसं. मी घरी येऊन रडले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. मग तुझा निरोप आला, मदतीला ये, आणि मी आले. तू विचारलंस, काय म्हणाले गं ते? मी सांगितलं. तू ताटं मांडायला घेतलीस. माझी पाठ थोपटली असतीस तर मी कदाचित त्याच गाडीनं परत गेले असते.

जेवणं झाल्यावर तू म्हणालीस, "मी जरा शेतावर जाऊन येते. तू बस हितं." आणि गेलीस.

खाली जमिनीवर ते चित्र होतं. पाच फूट बाय चार फूट. करडा आणि काळा, अजून ओला, मधे एक फिकट मोकळी जागा. मी स्टुलावर बसून बघत होते. ते चांगलं होतं, कुंदा. ते चांगलं आहे हे त्या वेळी जगात फक्त मला माहीत होतं, कदाचित तुलासुद्धा नव्हतं. मी त्यात चूक शोधली. शोधायला मी बसलेच होते. एकच वाटलं, कुठंतरी अडलंय. काहीतरी यायचं राहिलंय. पण जे यायचं राहिलंय तेही माझ्याकडं नव्हतं, आणि याचाच मला संताप आला.

खिडकीत गेरूचा डबा होता. पाण्यात पातळ कालवलेला, झाकण काढलेलं, ब्रश आत तसाच. मी उठले, ब्रश बाजूला ठेवला, डबा उचलला आणि ओतला. हात थरथरला, पाय घसरला, असलं काही नाही. उचलला आणि ओतला. मग रिकामा डबा खाली आडवा ठेवला, पडल्यासारखा, आणि ब्रश त्याच्याजवळ. माझ्यासारखी नेटकी बाई पापही नेटकं करते.

गॅरेजची फरशी गाडी धुवायला म्हणून दाराकडं उतरती केलेली. लाल पाणी त्या उताराला लागलं. मोकळ्या जागेतून सरळ खाली गेलं, राखेचा जाड थर लागला तिथं डावीकडं वळलं, बारीक झालं, आणि कडेच्या दोन बोटं अलीकडं थांबलं. मला वाटलं होतं, चित्राचा चिखल होईल. तो झाला नाही. मी बघत उभी राहिले. ज्या गोष्टीसाठी मी वीस वर्षं पट्टी झिजवली होती ती माझ्या डोळ्यांदेखत फरशीवर झाली, आणि झाली ती तुझ्या चित्रात.

तू आलीस. गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हटलं, "वाऱ्यानं डबा पडला गं." आणि म्हणता म्हणता माझं लक्ष खिडकीकडं गेलं. गेल्या आठवड्यात तूच पावसाची झड आत येऊ नये म्हणून तिला प्लॅस्टिक ठोकलं होतंस. चारी बाजूंनी खिळे. ते हलतसुद्धा नव्हतं.

तू डब्याकडं बघितलंस, प्लॅस्टिककडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस.

"व्हय?" एवढंच म्हणालीस.

मी फडकं घेऊन पुढं झाले. "पुसून घेऊ या, अजून ओलं आहे." तर तू माझा हात धरलास. "लावू नको हात." मग चित्राशेजारी उकिडवी बसलीस, कितीतरी वेळ. मी चहा केला, तो निवला. शेवटी म्हणालीस, "झालं बघ आता."

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. इतर चित्रांवरून फिरले आणि याच्यासमोर थांबले. बोट न लावता हवेतून त्या लाल ओघाच्या टोकापर्यंत आले आणि म्हणाले, "ही रेघ इथंच थांबायला हवी होती. दुसरीकडं थांबूच शकली नसती."

हे वाक्य आयुष्यात एकदा तरी माझ्या चित्रासमोर कुणी म्हणावं म्हणून मी जगत होते. म्हटलं गेलं, मी तिथंच होते, हातात बिस्किटांची बशी घेऊन. तू हसून म्हणालीस, "वाऱ्यानं केलं ते." ते खूश झाले. चार दिवसांत चित्र बांधून मुंबईला गेलं. तू त्याच्या मागं काय लिहिलंस ते मला दिसलं नाही.

त्या चित्रानं तुला नाव दिलं, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, नाव तुला मिळणारच होतं. पण ती वाऱ्याची गोष्ट तू बावीस वर्षं सांगितलीस. मुलाखतीत सांगितलीस, विद्यार्थ्यांना सांगितलीस, माझ्या मुलीच्या लग्नात माझ्या विहीणबाईंना सांगितलीस, मी शेजारी बसलेली असताना. "आन् खिडकीतनं वारा आला, डबा पडला, आन् चित्र झालं!" लोक टाळ्या वाजवायचे. योगायोग बघा कसा, म्हणायचे. दर वेळी मी तुझ्या चेहऱ्याकडं बघायची. हिला ठाऊक आहे की नाही? ठाऊक असेल तर ही मला छळतेय. ठाऊक नसेल तर मी हिला फसवतेय. दोन्हींत मीच वाईट.

मी त्यानंतर फार चित्रं काढली नाहीत. शाळा, घर, तळेगावातल्या नव्या इमारतींच्या सोसायट्यांमधले सुट्टीतले वर्ग. लोकांना सांगायचे, वेळ मिळत नाही. खरं कारण वेगळं होतं. माझ्या हातून आयुष्यात एकच रेघ अशी पडली जी दुसरीकडं असू शकली नसती, आणि ती दुष्टपणानं पडली होती. पट्टीनं ती पुन्हा कशी काढायची? आणि दुष्टपणा तरी पुन्हा तितका कुठून आणायचा?

मी पुष्कळ विचार केला, कुंदा. आपलं भांडण मी एकटीच पुढं चालवत होते. उतार ठरलेला होता, राख किती जाड ते ठरलेलं होतं, पाणी उताराकडंच जाणार. तो भाग अपरिहार्य, माझ्या बाजूचा. मग योगायोग कुठं होता? वारा तर नव्हताच. माझं जळणं म्हणावं, तर ते वीस वर्षं मंद आचेवर शिजत होतं, त्याला योगायोग कोण म्हणेल? पण मी तो डबा उचलला नसता, असंही होऊ शकलं असतं. अगदी सहज. त्या वेळी दत्तूची बायको ताक घेऊन आली असती तर मी ताक प्यायले असते, आणि आज ते चित्र नसतं.

शेवटची भेट झाली तेव्हा तू पडूनच होतीस. बोलायला त्रास होत होता तरी विचारलंस, "विजे, तू तुज्या चित्रांत लाल कधीच का घातला न्हाईस गं?"

"मला नाही जमत," मी म्हटलं.

तू माझ्याकडं बघितलंस आणि हसलीस. "जमतो की."

मी घाबरून उशी सारखी केली आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. त्या वेळी बोलले असते तर? तू ऐकायला होतीस. बावीस वर्षांत दुसरी इतकी चांगली वेळ आली नव्हती. मी उशी सारखी करत बसले.

काल लोणावळ्याला तुझ्या चित्रांची मांडामांड होती. महिना होतोय म्हणून दत्तूनं आणि तुझ्या विद्यार्थ्यांनी एक हॉल घेतलाय. ज्यांच्याकडं ते चित्र होतं त्यांनीही ते आठ दिवसांसाठी पाठवलं. दत्तू म्हणाला, "ताई, सरळ टांगायचं काम तुमीच करा. आमाला काय ते जमायचं न्हाई." मी गवंड्याची लेव्हल घेऊन गेले. काचेतला बुडबुडा मधोमध आला की सरळ. हे एक काम मला तुझ्यापेक्षा चांगलं येतं.

ते चित्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. दत्तूनं ते भिंतीला टेकवून पालथं केलं, मागची तार तपासायला. मी चष्मा लावला आणि वाकले. चौकटीच्या आडव्या पट्टीवर तुझं अक्षर होतं.

"वारा."

सुटले, असं वाटलं. हिला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणावं तर पुढच्याच घटकेला मी ते पुन्हा वाचलं. वारा? त्या रेघेत वाऱ्याचा काय संबंध? ठोकलेल्या प्लॅस्टिकमधून आत न आलेल्या वाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर, आणि मी? मला इतकी वर्षं वाटत होतं, मी पकडले जायला घाबरतेय. तसं नव्हतं. मला ते नाव हवं होतं. मला वाऱ्याचा हेवा वाटला, कुंदा. या वयात, लोणावळ्याच्या त्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून मी वाऱ्यावर जळत होते.

मग दिसलं की त्या अक्षरांच्या वरचं लाकूड जरा वेगळं आहे, घासलेलं. इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. खोडलेलं वाचायचं कसं हे मला कुणी शिकवायला नको. चौकट उजेडाकडं तिरकी केली. पेन्सिल गेली होती, पण तू विळा धरावा तशी धरायचीस. खाच राहिली होती.

"विजी."

म्हणजे तू आधी ते लिहिलंस आणि मग खोडलंस. चार दिवसांत कधीतरी, चित्र बांधायच्या आधी. मी चष्मा काढून पुसला. दत्तू म्हणाला, "ताई, काय झालं? गुडगं दुकत्यात का?"

मी त्याला विचारलं, त्या दिवशी लावणीला माणसं कमी होती का? कुंदाला शेतावर का यावं लागलं?

"कुटली कमी? पुरती व्हती मानसं," तो म्हणाला. "आबासुदीक म्हनले, तू कशाला आलीस? बांधावर बसून ऱ्हायली नुसती. म्हनली, विजी लय दुखावलीया, तिला घटकाभर चित्रापाशी एकटी बसू दे."

आता सांग, कुंदा. त्या वर्षी तू लाल वापरतच नव्हतीस. मग तो गेरू कुणी कालवला होता? झाकण काढून, ब्रश टाकून, खिडकीत? हे मला बावीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. मला डबा दिसला, तो तिथं का होता ते दिसलं नाही. चित्राचं काहीतरी अडलंय हे तुलाही दिसलं होतं का? लाल हवा होता आणि धीर होत नव्हता? की आबांसारखी चिमूटभर माती उडवून वारा कुठून येतोय ते बघितलंस, आणि काडी लावून बांधावर जाऊन बसलीस? पहिलं खरं असेल तर मी तुझी रेघ चोरली. दुसरं खरं असेल तर तू माझी. आणि दोन्ही खोटं असेल तर डबा तिथं आपला असाच होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

यातलं काय खरं ते फक्त तुला माहीत होतं, आणि तू गेलीस. हेही तुझंच. भांडण अर्ध्यात टाकून उठून जायची तुझी जुनी खोड. तू माझ्यापेक्षा चांगली चित्रकार होतीस, हे मी एव्हाना गिळलं होतं. पण तू माझं नाव आधी लिहिलंस आणि मग मला लाज वाटू नये म्हणून खोडलंस, हे कसं गिळू? त्याच्यावर जळायलासुद्धा जागा नाही ठेवलीस तू.

दत्तूनं विचारलं, "मागं काय लिवलंय तिनं?"

"वारा," मी म्हटलं.

"व्हय, ती म्हनायचीच," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी मिळून चित्र उचलून खिळ्याला लावलं.

लेव्हल वर ठेवली. बुडबुडा इकडं तिकडं झाला आणि मधोमध येऊन थांबला. सरळ. मी मागं सरकून बघितलं. सगळं बरोबर होतं आणि रेघ मेल्यासारखी दिसत होती. पुन्हा पुढं गेले. चित्राचा डावा कोपरा बोटभर खाली ओढला, गॅरेजच्या त्या फरशीचा जेवढा उतार होता तेवढा. पुन्हा मागं आले. लाल उतरला, वळला, आणि कडेच्या दोन बोटं अलीकडं थांबला.

दत्तू मान वाकडी करून बघत होता. "ताई, वाकडं झालं की हो."

"राहू दे," मी म्हटलं. "कुणी विचारलं तर सांग, वाऱ्यानं झालं."